‘सारस’ का कोसळले?

बंगळूरूहून म्हैसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटरवर बिडदी लागते. ताटलीएवढ्या थट्टे इडलीसाठी प्रवासी तेथे हमखास थांबतात. आणखी थोडे पुढे गेले की रामनगरचे उघडेबोडके कातळ दिसू लागतात. ‘शोले’ चित्रपटातले डोंगर ते हेच. ६ मार्च २००९, शुक्रवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बिडदीजवळच्या शेषगिरीहळ्ळी येथे एक विमान कोसळले आणि त्याने पेट घेतला. विमानात तिघे होते: विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शाह आणि स्क्वाड्रन लीडर इलयराजा. पहिले दोघे चाचणी वैमानिक, तिसरे उड्डाण चाचणी अभियंता. तिघेही भारतीय हवाई दलाचे अधिकारी. तिघांपैकी कोणीही वाचले नाही.

ते विमान होते ‘सारस’, भारतात आराखडा तयार झालेल्या पहिल्या बहुउद्देशीय नागरी प्रवासी विमानाचा दुसरा आद्यनमुना. त्या दिवशी ते प्रवासी घेऊन निघाले नव्हते. आकाशात मुद्दाम एक इंजिन बंद करायचे आणि ते पुन्हा सुरू करून दाखवायचे, एवढेच त्याचे काम होते. बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याची कृती कागदावर लिहिलेली होती. या अपघाताची कहाणी बरीचशी त्या कागदाचीच कहाणी आहे.

म्हैसूर संस्थान आणि सोलापूरचा उद्योजक

विमान जेथे पडले तो सारा मुलूख एकेकाळी म्हैसूर संस्थानाचा होता. भारतीय विमाननिर्मितीचा जन्मही याच संस्थानात झाला आणि त्यामागे एक मराठी मुलखातला माणूस होता. सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांना भारतात विमानांचा कारखाना काढायचा होता. जागा आणि भांडवल देण्यास कोणते संस्थान तयार होईल, याचा शोध घेताना ते म्हैसूरच्या दरबारात पोहोचले. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी ही संधी ओळखली. संस्थानाने जमीन दिली, पंचवीस लाख रुपये घातले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या कंपनीची नोंदणी झाली. महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’, म्हणजे एचएएल, ती हीच.

याच कारखान्यात कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे आले. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. पुढे पुष्पक आणि किरण ही विमाने आली. १९५६ साली जर्मन अभियंते कुर्ट टांक बंगळूरूत दाखल झाले आणि त्यांच्या हातून ‘मारुत’ हे लढाऊ जेट विमान साकारले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले.

त्याच सुरंजन दास यांचा, ग्रुप कॅप्टन पदावर असताना, १० जानेवारी १९७० रोजी ‘मारुत’च्याच एका सुधारित आद्यनमुन्यात मृत्यू झाला. बंगळूरूच्या विमानतळावरून उड्डाण केल्यानंतर थोड्याच वेळात विमान कोसळले. त्या विमानतळाच्या परिसरातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. रोज हजारो वाहने त्या रस्त्यावरून जातात; हे नाव कोणाचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

तबेल्यातून उभी राहिलेली प्रयोगशाळा

एचएएलचा भर लष्करी विमानांवर राहिला. नागरी विमानांचा विचार शेजारच्या दुसऱ्या संस्थेत झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५९ साली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, म्हणजे एनएएल, स्थापन केली. पी. नीलकांतन हे तिचे पहिले संचालक. पुढच्या वर्षी ती दिल्लीहून बंगळूरूला आली, तेव्हा तिचा आरंभीचा संसार म्हैसूरच्या महाराजांच्या जयमहाल येथील राजवाड्याच्या तबेल्यांत मांडला गेला होता.

१९८० च्या दशकात रोद्दम नरसिंह संचालक असताना या प्रयोगशाळेत हलक्या प्रवासी विमानाची कल्पना मूळ धरू लागली. देशात मोठी शहरे विमानांनी जोडली गेली होती. लहान शहरे मात्र दूरच होती. दहा-पंधरा माणसे घेऊन छोट्या धावपट्टीवरून उडेल, गरज पडल्यास रुग्णवाहिका होईल, किनाऱ्यावर गस्त घालील, असे विमान हवे होते. रशियातील म्यासिश्चेव या संस्थेलाही असेच विमान हवे होते, म्हणून १९९० च्या सुमारास दोघांनी एकत्र काम सुरू केले. पण सोव्हिएत संघ विस्कटला, पैसा आटला आणि रशियन बाजू मागे हटली. त्यात १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि परदेशी सुटे भाग मिळणे अवघड झाले. अखेर २४ सप्टेंबर १९९९ रोजी सरकारची मंजुरी मिळाली. २००१ मध्ये ठरलेले पहिले उड्डाण २९ मे २००४ रोजी झाले.

‘सारस’ची मांडणी नेहमीची नव्हती. बहुतेक पंख्याच्या विमानांत इंजिने पंखांवर बसवलेली असतात आणि प्रोपेलर विमानाला पुढे ओढतो. ‘सारस’मध्ये दोन्ही इंजिने शेपटाकडच्या भागात, धडापासून निघालेल्या आखूड आधारांवर होती आणि त्यांचे प्रोपेलर मागे तोंड करून विमानाला ढकलत. शेपटी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची होती. या मांडणीचे फायदे होते. प्रवासी कक्षात आवाज कमी येतो, पंखांवरून हवा विनाअडथळा वाहते आणि इंजिने मध्यरेषेच्या जवळ असल्याने एक बंद पडले तरी विमान एका बाजूला फार ओढले जात नाही. त्याची किंमतही होती. वजन मागच्या बाजूला साचते आणि आधार व इंजिनाच्या आवरणावरून आलेली गढूळ हवा प्रोपेलरच्या वाट्याला येते.

पहिला आद्यनमुना ठरवलेल्या रिकाम्या वजनापेक्षा सुमारे ९०० किलोंनी जड झाला होता. चार टनांच्या विमानात एवढे जास्तीचे वजन म्हणजे बारा-तेरा प्रवासी न बसताच बसल्यासारखे. त्यावर तोड म्हणून दुसऱ्या नमुन्यात अधिक ताकदीची, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची इंजिने बसवली. १८ एप्रिल २००७ रोजी तो प्रथम उडाला. हवाई दलाने पंधरा ‘सारस’ घेण्याची तयारी दाखवली होती. २००९ च्या मार्चपर्यंत दुसऱ्या नमुन्याची पन्नासच्या आसपास उड्डाणे झाली होती.

चाचणी उड्डाण म्हणजे काय?

आद्यनमुन्याचे चाचणी उड्डाण म्हणजे केवळ धाडस, असा समज चित्रपटांनी रुजवला आहे. प्रत्यक्षात ते प्रयोगशाळेतील प्रयोगासारखेच असते. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाने, कोणती कळ कधी हलवायची, हे आधी लिहून ठेवलेले असते. विमानातील संवेदक शेकडो मोजमापे जमिनीवरील कक्षाकडे पाठवत असतात आणि तेथे अभियंते ती पडद्यावर पाहत असतात. प्रत्येक उड्डाणात मागच्या उड्डाणापेक्षा एक छोटे पाऊल पुढे टाकायचे, हा नियम. विमान कुठवर सुरक्षित आहे याची सीमा अशीच थोडी थोडी विस्तारत जाते.

दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला परवाना हवा असेल तर एका इंजिनावर ते सुरक्षित उडते, हे दाखवावे लागते. उडताना बंद पडलेले इंजिन हवेतच पुन्हा पेटवता येते, हेही दाखवावे लागते. या पुन्हा पेटवण्याला वैमानिक ‘रिलाइट’ म्हणतात. खऱ्या संकटात वैमानिकाने काय करायचे, हे ठरवण्यासाठी कोणीतरी आधी ते संकट मुद्दाम ओढवून घ्यावे लागते. ६ मार्चला त्या तिघांकडे हेच काम होते.

दुपारी तीनच्या सुमारास विमानाने एचएएलच्या विमानतळावरून उड्डाण केले. आधीच्या ठरलेल्या चाचण्या सुरळीत पार पडल्या. मग विमान शहराच्या नैऋत्येला गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे दहा हजार फुटांवर डावे इंजिन बंद करण्यात आले. मिनिटभराच्या आत, नऊ हजारांहून थोड्या अधिक उंचीवर, ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला. पहिला प्रयत्न फसला. विमान वेगाने उंची गमावू लागले. जमिनीवरील कक्षाचा त्याच्याशी असलेला संपर्क तुटला आणि काही सेकंदांतच विमान बिडदीजवळ आदळले.

एक इंजिन बंद होते तेव्हा

हा प्रसंग समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्रातील तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट शिल्लक शक्तीची. एक इंजिन बंद झाले तर विमानाची चढण्याची क्षमता निम्मी होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते खरे नाही. समजा, सरळ पातळीत उडण्यासाठी एखाद्या विमानाला दोन्ही इंजिनांच्या एकत्रित शक्तीपैकी ४० टक्के लागते. दोन्ही इंजिने चालू असताना ६० टक्के शक्ती शिल्लक राहते आणि तीच विमानाला वर नेते. एक इंजिन गेले की हाताशी ५० टक्केच राहते. त्यातली ४० टक्के पातळी राखण्यात जाते आणि शिल्लक उरते १० टक्के. म्हणजे शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता सहापटींनी घटली. ही १० टक्केही हवेच्या अवरोधात थोडी भर पडली तरी संपते. एकदा संपली की विमान खाली येणारच, वैमानिक कितीही कुशल असो.

दुसरी गोष्ट प्रोपेलरची. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. वारा त्यांची पाती फिरवतो आणि वाऱ्याची ऊर्जा विजेत रूपांतरित होते. बंद इंजिनाचा प्रोपेलर समोरून येणाऱ्या हवेने फिरू लागला तर तो अशीच पवनचक्की बनतो. फरक एवढाच, की तेथे ऊर्जा वाऱ्याची जाते आणि येथे विमानाच्या गतीची. फिरणारा प्रोपेलर ब्रेकसारखा काम करतो. तो ब्रेक विमानाच्या एकाच बाजूला असल्याने विमानाचे नाक त्या बाजूला वळू पाहते. ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाला सुकाणूवर जोर द्यावा लागतो. वेग कमी झाला की सुकाणूवरून वाहणाऱ्या हवेचा जोरही घटतो आणि एका मर्यादेखाली विमान ताब्यात राहत नाही.

यावर उपाय आहे. प्रोपेलरची पाती त्यांच्या मुळाशी फिरवता येतात. त्यांची कड वाऱ्याला समोर आणली की ती हवा कापतात, तिला अडवत नाहीत. नावाडी वल्हे पाण्यातून आडवे न ओढता कडेने सरकवतो, तसे. या स्थितीला ‘फेदर’ म्हणतात. ‘सारस’वर कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची पीटी६ जातीची इंजिने होती. या इंजिनात हवा दाबून इंधन जाळणारा भाग आणि प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन हे वेगवेगळ्या दांड्यांवर असतात. दोघांमध्ये यांत्रिक जोड नसते, असतो तो फक्त तापलेल्या वायूचा झोत. त्यामुळे प्रोपेलर स्वस्थ असतानाही पहिला भाग स्टार्टरने फिरवून इंजिन पेटवता येते.

आता प्रश्न क्रमाचा येतो. इंजिन पेटवताना पाती नेमकी केव्हा फेदर स्थितीतून बाहेर आणायची? इंजिन जोर देऊ लागण्याआधीच पाती वाऱ्याला आडवी झाली तर मदतीला यायचे ते यंत्र ब्रेक होऊन बसते. पात्यांचा कोन कोणत्या दाबाला किती बदलतो, कोणत्या वेगात ती कशी वागतात, हे सर्वांत नेमके ठाऊक असते ते प्रोपेलर बनवणाऱ्याला. म्हणून रिलाइटचा क्रम लिहिताना त्याचे मत घेणे हा केवळ शिष्टाचार नसतो.

तिसरी गोष्ट उंचीची. वैमानिकासाठी उंची म्हणजे साठवलेला वेळ. ‘दहा हजार फूट’ हा आकडा भरपूर वाटतो, पण तो समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे. बंगळूरू वसले आहे ते दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर. म्हणजे पायाखाली प्रत्यक्षात उरतात सातेक हजार फूट. उदाहरणादाखल, विमान मिनिटाला चार हजार फूट या वेगाने खाली येऊ लागले तर सात हजार फूट संपायला दोन मिनिटेही लागत नाहीत. एवढ्या वेळात पहिला प्रयत्न फसल्याचे ओळखायचे, दुसरा करायचा की नाही ते ठरवायचे आणि विमानाचा ताबाही राखायचा. हाच प्रयत्न आणखी पाच हजार फूट वरून झाला असता तर तिघांच्या हाती मिनिटभराहून अधिक वेळ आला असता.

अहवालाने काय म्हटले?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी केली. निष्कर्षाचा गाभा असा: आराखडाकर्त्यांनी तयार केलेली रिलाइटची कृती चुकीची होती आणि वैमानिकांनी ती अपुऱ्या उंचीवर अमलात आणली, त्यामुळे विमानाने झपाट्याने उंची गमावली, ते अनपेक्षित वागू लागले आणि अपघात झाला. अपघाताला हातभार लावणाऱ्या गोष्टीही अहवालाने नोंदवल्या. वैमानिकांमधील समन्वय कमी पडला. नियंत्रणे हाताळण्यात उणिवा राहिल्या. पहिला रिलाइट फसल्यावर जमिनीवरील चाचणी संचालकाशी बोलून चाचणी थांबवायला हवी होती, ती थांबली नाही. आणि रिलाइटची कृती ठरवताना प्रोपेलरच्या उत्पादकाचा सल्ला घेतला गेला नव्हता.

या यादीचा क्रम महत्त्वाचा आहे. विमान अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द फार लवकर उच्चारले जातात. मृत वैमानिक उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ते सोयीचेही असते. येथे अहवालाने पहिले बोट लिहिलेल्या कृतीकडे दाखवले. वैमानिकांच्या उणिवा त्याने लपवल्या नाहीत, पण त्या दुसऱ्या स्थानी ठेवल्या. चाचणी वैमानिक अज्ञाताला सामोरा जातो हे खरे, पण त्याच्या हाती दिलेला कागद हा ज्ञाताचा भाग मानला जातो. पायाखालचा आधार म्हणून दिलेली गोष्टच कच्ची निघाली, तर सावरायला उरतात मोजके सेकंद. त्या सेकंदांत काय करायला हवे होते, हे जमिनीवर बसून महिनोन्‌महिने विचार करून सांगणे त्या मानाने सोपे असते.

कागदाचा जन्म

विमानात कृती लिहून ठेवण्याची प्रथाच एका आद्यनमुन्याच्या अपघातातून दृढ झाली, हा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतील राईट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यात अंत झाला. विमानात कोणताही बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने नियंत्रण पृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप उड्डाणापूर्वी काढायचे राहून गेले होते. हिल अत्यंत अनुभवी होते. मग उपाय काय? वैमानिकांना आणखी प्रशिक्षण देऊन भागणार नव्हते. विमान इतके गुंतागुंतीचे झाले होते, की एका माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणेच चूक होती. त्यातून तपासणी यादी आली: एकेक ओळ वाचायची, करायची, पुढे जायचे. तेच विमान पुढे ‘बी-१७’ म्हणून हजारोंच्या संख्येने बनले.

दुसरा दाखला ब्रिटनचा. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी ‘बीएसी वन-इलेव्हन’ या जेट प्रवासी विमानाचा आद्यनमुना चाचणीत कोसळला. माइक लिथगो आणि त्यांचे सहा सहकारी दगावले. त्या विमानाचीही इंजिने मागे होती आणि शेपटी ‘टी’ आकाराची होती. नाक फार वर गेले की पंखांमागची विस्कळीत हवा थेट उंचावरच्या शेपटीवर येते, शेपटीचा प्रभाव जातो आणि नाक खाली आणताच येत नाही. या स्थितीला ‘डीप स्टॉल’ म्हणतात. तिचा धोका त्या अपघाताने जगापुढे ठसठशीतपणे आणला. त्यानंतर अशा मांडणीच्या विमानांत नियंत्रण दांडा आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा रूढ झाली. आज मागे इंजिने असलेल्या विमानात बसणारा प्रवासी त्या सात जणांचा ऋणी असतो. त्याला ते माहीत नसते, एवढेच.

या दोन घटनांच्या पंक्तीत ‘सारस’ बसवले तर त्याचा धडा वेगळा दिसतो. १९३५ साली कागद नव्हता म्हणून विमान पडले. २००९ साली कागद होता, पण तो स्वतःच तपासला गेला नव्हता. प्रयोगाची लिखित कृती हे एक गृहीतक असते. ज्याला त्या उपकरणाची सर्वाधिक माहिती आहे त्याच्याकडून ती तपासून घेणे, आणि ती चुकीची निघाली तर माणसाला परतता येईल एवढे अंतर राखून ती आजमावणे, ही तिची कसोटी. प्रयोगशाळेत कृती चुकली तर नळी फुटते आणि दुसऱ्या दिवशी नवी आणता येते. विमानात ती सवलत नाही.

नंतर

अपघातानंतर प्रकल्प थबकला. निधी आटला, अनुभवी अभियंते निवृत्त झाले, काही इतरत्र गेले. अपघातात केवळ यंत्र गमावले जात नाही. माणसांच्या हातात आणि स्मरणात साठलेले ज्ञानही कार्यक्रम थांबला की हळूहळू विरून जाते. बोइंगचे विमान पडले तरी त्याचे काम थांबले नाही, वन-इलेव्हनही काही वर्षांत प्रवासी नेऊ लागले. ‘सारस’च्या वाट्याला मात्र जवळपास नऊ वर्षांची शांतता आली.

शेवटी हँगरमध्ये उभा असलेला पहिलाच आद्यनमुना बाहेर काढला गेला. त्याला १२०० अश्वशक्तीची इंजिने मिळाली, सुकाणूच्या क्षेत्रफळात आणि नियंत्रण व्यवस्थेत सुधारणा झाल्या, चाके आणि ब्रेक वाढीव वजनाला साजेसे केले गेले, आणि ‘स्टॉल’ जवळ आल्याचा इशारा देणारी देशी बनावटीची यंत्रणा बसली. २४ जानेवारी २०१८ रोजी बंगळूरूच्या त्याच विमानतळावरून हे विमान सुमारे चाळीस मिनिटे उडून सुखरूप परतले. त्याच्या आसनांवर पुन्हा हवाई दलाचेच चाचणी वैमानिक होते. त्या अनुभवाच्या आधारे एकोणीस आसनांच्या नव्या आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले.

आठ दशकांपूर्वी म्हैसूरच्या दरबाराने आणि सोलापूरच्या उद्योजकाने मिळून जे काम आरंभले, ते अजून अपुरे आहे: भारतात रेखलेल्या, भारतात घडलेल्या प्रवासी विमानात बसून एखाद्या लहान गावच्या माणसाने मोठ्या शहराला जाणे. ते विमान एक दिवस उडेल तेव्हा त्याच्या वैमानिकापुढे एक पुस्तिका असेल. एक इंजिन बंद पडल्यास काय करावे, असे शीर्षक असलेले पान तिच्यात असेल. किती उंचीच्या खाली हा प्रयत्न करू नये, पाती कोणत्या क्षणापर्यंत हलवू नयेत, पहिला प्रयत्न फसल्यास काय करावे, हे सारे तेथे थोडक्यात दिलेले असेल. त्या पानावर कोणाचे नाव छापलेले नसेल. पण ते वाचणाऱ्याने कोटेकोप्पा, शाह आणि इलयराजा ही तीन नावे मनात ठेवावीत, आणि अशी पाने लिहिणाऱ्याने तर ती कधीच विसरू नयेत.